चोवीस बाटल्या आणि यशोदाबाईंचं नाक

यशोदा तावडे यांचं नाक दिसायला अगदी साधं. थोडं बसकं, डाव्या बाजूला एक बारीकशी चमकी, बस. पण लालबागच्या मसाल्याच्या बाजारात त्या नाकाला जी इज्जत होती, ती भल्याभल्या शेठ लोकांच्या वाट्याला आली नाही. हितेंद्रशेठच्या दुकानात एकतीस वर्षं यशोदाबाई खडा मसाला निवडायला बसत. समोर गोणी सुटायची, बाई पाटावर बसल्या जागी एक लांब श्वास घ्यायच्या आणि निकाल लावायच्या. "शेठ, परत पाठवा. मिरी ओली करून वजन वाढवलंय." शेठ परत पाठवायचे. वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

हे नाक जन्मजातच. लग्न होऊन करी रोडच्या चाळीत आल्या त्या दिवशीची गोष्ट ऐका. माप ओलांडून पाच मिनिटं झाली नव्हती. सासूने कौतुकाने वेलचीचा चहा पुढे केला. नव्या नवरीने कप नाकाशी नेला आणि मुंडावळ्या सावरत म्हणाली, "आई, ह्या वेलचीचं तेल आधीच काढून घेतलंय कुणीतरी. वाण्याने फसवलं तुम्हाला." झालं! सासऱ्यांनी पुडी उचलली, तडक खाली गेले, वाण्याशी कडाकडा भांडले आणि दुसरी पुडी घेऊन वर आले. म्हणाले, "पोरीला आता सगळ्या डब्यांची झाकणं उघडून दाखवा." त्या दिवसापासून त्या घरात यशोदाबाईंना न विचारता जिरंसुद्धा आलं नाही.

तर अशा ह्या बाई. आता वय चौसष्ट. चाळ पडली, तिच्या जागी बावीस मजली टॉवर उभा राहिला, चाळीतली सगळी मंडळी बाराव्या-तेराव्या मजल्यावर जाऊन बसली. नाक शाबूत होतं. गुडघे मात्र गेले. एकतीस वर्षं पाटावर मांडी घालून बसायचं म्हणजे काय गंमत आहे? उजवा गुडघा सकाळी उठताना नारळाएवढा व्हायचा. आणि त्या एकट्या नव्हत्या. आख्ख्या बिल्डिंगीत साठीच्या पुढची एक बाई धड चालेल तर शपथ. कुणी खानावळीच्या पोळ्या लाटल्या होत्या, कुणी शिवणयंत्राचं पायडल मारलं होतं, आणि शेजारच्या गंगुबाईंनी तर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या होत्या.

हे सगळे गुडघे एका मुलीच्या डोळ्यांत भरले. मुलगी म्हणजे अक्षदा. चाळीतल्या समोरच्या खोलीतली, आता टॉवरमध्येही समोरच. तिची आई नोकरीला जायची, म्हणून शाळा सुटली की अक्षदा यशोदाबाईंकडे. घरी निवडायला आणलेल्या मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून, सटासट शिंकत, तिने पाढे पाठ केले. आज ती परळच्या एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट करतेय, आणि विषय काय, तर वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी सूज उतरते का! लवंगेत, मिरीत एक द्रव्य असतं, कॅरिओफिलीन त्याचं नाव. यशोदाबाई त्याला 'तुझं ते लांब नावाचं' एवढंच म्हणत.

"मावशी, सूज म्हणजे काय ठाऊक आहे?" एकदा अक्षदाने समजावलं. "आपल्या टॉवरचा फायर अलार्म बघ. आग लागली की वाजला पाहिजे, बरोबर. पण हा आग नसली तरी कोकलत बसतो. तुझ्या गुडघ्यात तसलाच अलार्म अडकून बसलाय. हे द्रव्य जाऊन त्याचं बटण दाबतं. उंदरांमध्ये दाबलेलं दिसलंय. आता माणसांमध्ये बघायचंय."

"मग बघ की! बिल्डिंगभर गुडघे पडलेत."

असा तो अभ्यास लालबागला आला. चोवीस बायका, सहा आठवडे, चोवीस बाटल्या. अभ्यास लहानसाच, पण अक्षदाची तीन वर्षांची मेहनत त्यावर टेकलेली. हे जमलं तर पुढचं काम, नाही जमलं तर तिच्या मार्गदर्शक मॅडम विषयच बंद करणार. यशोदाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

डिसेंबरच्या एका शनिवारी सगळ्या जणी टॉवरच्या रेफ्यूज मजल्यावर जमल्या. आग लागली तर पळून थांबायला म्हणून हा मजला मोकळा सोडलेला. आमच्या बायका तिथे पापड वाळवतात. अक्षदाने संमतीपत्र वाचायला घेतलं. आता तो कागद संस्थेने कुणाकडून मराठीत करून घेतला होता देव जाणे! 'सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने सक्रिय अथवा निष्क्रिय तुलनाद्रव्य प्रदान करण्यात येईल.' अशी चार पानं. नियम असा, की एक शब्द न बदलता वाचायचं. अक्षदाने वाचलं. चोवीस बायकांनी अतिशय आदराने ऐकलं.

"कुणाला काही शंका?" तिने विचारलं.

"पंखा वाढव गो," गंगुबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी सह्या केल्या. मग गुडघ्यांना टेप लावून मापं घेतली, एक मजला जिना चढायला लावून घड्याळ लावलं, आणि शून्य ते दहामध्ये किती दुखतं ते विचारलं. "तसं साडेसहा," एक जण म्हणाली, "पण सून समोर असली की नऊ." अक्षदाने साडेसहा लिहिलं. प्रत्येकीला नंबर टाकलेली एकेक बाटली मिळाली. कुठला नंबर कशाचा हे अक्षदालाही ठाऊक नव्हतं. ते एका बंद पाकिटात, तिच्या मधुरा मॅडमच्या कपाटात.

यशोदाबाई घरी आल्या, पाय पसरून बसल्या, बाटलीचं झाकण उघडलं. नाकाशी नेलं. आणि पुन्हा एकदा नेलं.

माल खोटा!

लवंगेचा वास होता, नाही असं नाही. पण तो लवंगेचा नव्हता. वरून मारलेला सेंट होता. लवंग आधी गोड लागते, मग घशात उतरते, मग टाळूला चावते. ही नुसती दारात उभी राहून हसत होती. मिरीचा तर पत्ताच नाही. खाली कसलंतरी मुकं तेल. यशोदाबाई लंगडत गंगुबाईंकडे गेल्या. "तुझी बाटली दाखव गो." त्या बाटलीत मात्र शंभर नंबरी माल. लवंग खणखणीत, मिरी जागच्या जागी.

मग काय, बाईंनी दोन मजले पालथे घातले. 'बघू गं तुझी', 'दाखव गं जरा' करत चोवीसच्या चोवीस बाटल्या हुंगल्या. बारा खऱ्या, बारा खोट्या. अगदी निम्मा माल मारलेला!

आता तुम्ही-आम्ही म्हणू, बाई, पोरीला विचारा ना सरळ. पण एकतीस वर्षं बाजारात काढलेल्या बाईचं डोकं कसं चालणार? त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. कुण्या मेल्या व्यापाऱ्याने आपल्या पोरीला गंडवलंय. तिला लवंगेतलं लांब नाव ठाऊक, पण व्यापाऱ्याची जात ठाऊक नाही. उद्या निम्म्या बायकांच्या सुजा उतरल्या नाहीत की पोर तोंडावर आपटणार, मॅडम विषय बंद करणार, आणि वर लोक म्हणणार, लालबागची मुलगी, मसाल्यात वाढलेली, आणि शेजारणींना भेसळीचा माल वाटून गेली! छे. हे यशोदाबाईंच्या हयातीत होणार नव्हतं.

"गंगे, कुणाला बोलायचं नाही. तिला तर नाहीच. तोंड उतरेल पोरीचं."

"मग करतलंस काय?"

"दुरुस्त करते."

सोमवारी दुपारी, अक्षदा परळला गेलेली असताना, बाराव्या मजल्यावर जे काही झालं त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे फारच झालं. यशोदाबाईंनी हितेंद्रशेठना फोन करून केरळची लवंग मागवली, आणि वर बजावलं, "तुमच्या नातवाच्या बारशाला द्याल तसली पाठवा." मिरी, जरासं तिरफळ, ओवा. सगळं जाडसर कुटून खोबरेल तेलात मंद आचेवर. सून रुपाली ऑफिसचं काम घरून करत होती. तिच्या मीटिंगमध्ये ती सतरा वेळा शिंकली आणि शेवटी कॅमेरा बंद करून बाहेर आली.

"आई, तुम्ही करताय तरी काय?"

"सरबत," यशोदाबाई म्हणाल्या.

लिफ्टमध्ये वास, जिन्यात वास. खालचा वॉचमन इंटरकॉमवर विचारायला लागला की जेवणावळ कुणाकडे आहे. गंगुबाई पदरात बाटल्या लपवून येरझाऱ्या घालत होत्या. तोंडाने 'कुणाक् सांगू नको हां' म्हणत म्हणत त्यांनी निदान सहा जणींना सांगितलं. ज्यांच्या बाटल्या खोट्या होत्या त्यांना सांगितलं, 'तेल थंडीने थिजलंय, गरम करून देते.' मुंबईत, डिसेंबरात, दुपारी दोन वाजता! पण आमच्या बायका यशोदाबाईंच्या हातात घराच्या किल्ल्या देतात, तिथे बाटलीचं काय घेऊन बसलात? निम्मं मुकं तेल ओतून दिलं, निम्मं नवं भरलं, झाकणं घट्ट. संध्याकाळच्या आत बाराही बाटल्या आपापल्या घरी. यशोदाबाईंनी हात धुतले आणि इतकं गाढ, इतक्या समाधानाने झोपल्या की विचारू नका.

आणि मग सुरू झाली मजा. पहिल्या आठवड्यात कुणाला काही कळलं नाही. फक्त पाटकरबाईंचा गुडघा भयंकर झोंबला, आणि झोंबतंय म्हणजे लागू पडतंय असं त्यांनीच जाहीर केलं. दुसऱ्या आठवड्यात एक जण बिनकाठीची देवळात जाऊन आली. तिसऱ्यात दोघी लिफ्ट सोडून जिन्याने उतरल्या, आणि उतरल्या ते उतरल्या, गर्वाने पुन्हा चढून आल्या. चौथ्यात तर गुडघे दाखवायची साथच आली. दूधवाला आला की साडी वर करून गुडघा दाखव, कुरिअरवाला आला की दाखव. बिचारा सही घ्यायची विसरून पळायचा. यशोदाबाईंच्या नारळाचं हळूहळू मोसंबं झालं. सकाळी उठून त्या गुडघा वाकवून बघायच्या, सरळ करून बघायच्या आणि एकट्याच खुदकन हसायच्या.

अक्षदा दर शनिवारी टेप घेऊन यायची. आकडे लिहिताना तिचे कान लाल व्हायचे. "मावशी, सगळ्यांचं उतरतंय गं! सगळ्यांचं!" यशोदाबाई काहीच माहीत नसल्यासारखं छताकडे बघायच्या. पोटात नुसत्या गुदगुल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं ते रेफ्यूज मजल्यावरच, पापड बाजूला सारून. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि कुणीतरी म्हणालं, फुगडी! चोवीस गुडघे, नव्हे, अठ्ठेचाळीस! बारा वर्षांत जमिनीवर न बसलेल्या बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. यशोदाबाई आणि गंगुबाईंनी हात गुंफले. पहिले दोन फेरे भीत भीत, मग जरा जोरात, मग जी गिरकी घेतली! करी रोडचे टॉवर फिरले, मोनोरेल फिरली, पापड फिरले, अक्षदा मोबाइलवर शूटिंग करता करता स्वतःच फिरली. दोघी थांबल्या तेव्हा कुणालाच उभं राहता येईना. एकमेकींना धरून बसकण मारली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गंगुबाई धापा टाकत म्हणाल्या, "आज मेलंय तरी चलात."

शुक्रवारी मॅडमच्या कपाटातलं पाकीट फुटलं.

संध्याकाळी अक्षदा आली. चपला काढल्या नाहीत. तशीच पाटावर बसली, लहानपणी बसायची त्याच पाटावर.

"मावशी, संपलं. तेलात काही दम नाही."

"काय सांगतेस? सगळ्यांचे गुडघे उतरले ना?"

"सगळ्यांचेच उतरले, तेच तर! खऱ्या तेलाने जेवढे उतरले, तेवढेच खोट्या तेलाने. म्हणजे माझ्या द्रव्याने काहीच केलं नाही. सोमवारी मॅडमना लिहून द्यायचंय, विषय बंद."

यशोदाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "खोटं तेल? तुला... तुला ठाऊक होतं खोटं आहे ते?"

"मावशी, मुद्दाम केलेलं असतं ते. बाराजणींना औषध, बाराजणींना नुसतं वासाचं तेल. कुणाला काय मिळालंय ते कुणालाच कळू द्यायचं नाही. मग दोन्ही गटांमधला फरक बघायचा. त्याशिवाय कसं कळणार, औषधाने बरं वाटलं की नुसत्या विश्वासाने? कागदात सगळं होतं की." तिने डोळे पुसले. "तीन वर्षं, मावशी."

ती रडत रडत समोर निघून गेली. फुगडीत फिरलं नव्हतं इतकं घर यशोदाबाईंभोवती फिरलं. खोटेपणा नव्हताच! तो खरेपणाचाच एक भाग होता, आणि तो आपण ह्या हातांनी, केरळची लवंग घालून, मोडून ठेवला होता.

शनिवार गेला, रविवार गेला. सांगायला दोनदा दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. भीती कसली, तर ओरडण्याची नाही. 'मावशी' म्हणायची बंद होईल ह्याची. स्वतःला मूल नसल्यासारखं त्यांनी त्या पोरीला वाढवलं होतं, मुलगा असताना. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त त्या चांगल्या तेलावर कायमचा शिक्का बसणार होता, की हा माल बोगस. आणि खऱ्या मालाला खोटं ठरवून परत पाठवण्याचं पाप यशोदाबाईंनी एकतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दहाला त्या परळच्या संस्थेत हजर. सोबत गंगुबाई. लालबागहून चालत. मधुरा मॅडमच्या टेबलासमोर अक्षदा कागद घेऊन उभी होती. ह्या दोघींना बघून ती चमकलीच.

"मॅडम, तिने काही लिहून द्यायच्या आधी माझं ऐका," यशोदाबाई म्हणाल्या, आणि सेंटपासून सरबतापर्यंत सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

मधुरा मॅडमनी चष्मा काढला. दादरला वाढलेली, मोजकं बोलणारी बाई. "आजी, हे शक्य नाही. दोन्ही तेलांचा वास सारखा करून घेतला होता आम्ही. आमच्या इथल्या पाच जणांना ओळखता आला नव्हता."

"त्यांनी मसाला निवडलाय का कधी?"

मॅडमनी कपाटातून उरलेल्या सीलबंद बाटल्या काढल्या. चोवीस. लेबलं झाकली, क्रम बदलला, यशोदाबाईंच्या डोळ्यांवर गंगुबाईंचा रुमाल बांधला. "खरी. खोटी. खोटी. खरी. ही खरी, पण झाकण सैल होतं. खोटी. ही खोटी, आणि भरली त्याने आधी संत्रं सोललं होतं." चार मिनिटांत चोवीस. मॅडमनी यादी ताडून बघितली. पुन्हा ताडली. मग ही मोजकं बोलणारी बाई खुर्चीत मागे रेलली आणि अशी खदखदून हसली की बाहेरचे दोघं-तिघं दार उघडून बघून गेले.

अक्षदा हसली नाही.

"तू मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली. "एकदा. समोरच राहते मी."

"तुझं तोंड उतरलं असतं. ते मला बघवलं नसतं गं."

"मग आता बघ."

यशोदाबाईंनी बघितलं. एकतीस वर्षांत त्यांची मान कुठल्या शेठपुढे खाली गेली नव्हती, ती गेली. "चुकलं माझं, अक्षू. सपशेल चुकलं."

मॅडमही आता हसत नव्हत्या. "आजी, कुणाच्या कातडीला फोड आले असते तर? औषधाच्या बाटलीत काही मिसळणं ही साधी गोष्ट नाही. आणि बायका बऱ्या झाल्या त्या तुमच्या काढ्याने की फुगडीच्या हौसेने, कोण सांगणार आता? हा अभ्यास बाद." मग त्या अक्षदाकडे वळल्या. "बाद, नापास नव्हे. तू लिहून देणार होतीस की तेलात दम नाही. ते लिहायचं नाही. आपल्याला अजून काहीच माहीत नाही. पुन्हा करायचं. पण वास जुळवल्याशिवाय लालबागच्या आसपास फिरकायचं नाही, सगळ्या यशोदाबाईच निघायच्या."

"जुळवायचा कसा?" अक्षदा हताश होऊन म्हणाली. "हिच्या नाकाला फसवेल असं खोटं तेल करणार कोण?"

मग गंगुबाईंनी यशोदाबाईंना कोपराने ढोसलं.

"मी करते," यशोदाबाई म्हणाल्या. "खोटं कसं करतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

आणि खरंच होतं ते. बाजारातले लबाड लोक तेल काढून घेतलेल्या, मेलेल्या लवंगा अस्सल लवंगांच्या डब्यात पंधरा-पंधरा दिवस सोबतीला ठेवतात. अंगात काही येत नाही, पण वास चढतो. ही असली चलाखी पकडण्यात त्यांची सगळी उमर गेली होती. आता परळच्या संस्थेत ती करायला बसल्या. मुकं तेल, वरून जाळीत अस्सल मसाला टांगलेला, कधी पाच दिवस, कधी आठ, कधी मसाला आधी भाजून, कधी कच्चा. अक्षदा प्रत्येक नमुना यंत्रात घालून बघायची, लांब नावाचं त्यात उतरलं तर नाही ना. उतरलं की बाद. नाही उतरलं की मावशींच्या नाकापुढे. "खोटी." पुन्हा. "खोटी, पण बरी आहे." पुन्हा. पहिले दोन आठवडे अक्षदा कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या आठवड्यात संत्र्याची साल आत टाकून बघण्यावरून दोघी कडाकडा भांडल्या, आणि भांडण चालू असताना मध्येच ती 'मावशी' म्हणून गेली.

मार्चमध्ये एका दुपारी दोन बाटल्या समोर आल्या. यशोदाबाईंनी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली. पाणी प्यायल्या, खिडकीत जाऊन आल्या, पुन्हा हुंगली. कपाळाला आठ्या.

"सांग ना," अक्षदा म्हणाली.

"थांब जरा." आणखी एकदा. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं... मला कळत नाहीये! अक्षू, मला कळत नाहीये गं! हरले मी!" आणि चौसष्ट वर्षांच्या ह्या बाईने, जन्मात पहिल्यांदा नाकाने दगा दिला ह्या आनंदात, तिथल्या तिथे पोरीचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. यंत्राची वायर पायात आली, रुपालीच्या मीटिंगमध्ये जशी शिंक गेली तसा पलीकडच्या खोलीत आरडाओरडा गेला, पण अक्षदा हसत होती. पोट धरून हसत होती.

दुसरा अभ्यास शीव कोळीवाड्यात ठरला. तिथेही गुडघ्यांना तोटा नाही. संमतीपत्र ह्या वेळी यशोदाबाईंनी सांगून लिहून घेतलं होतं, आणि मॅडमनी तसंच्या तसं मंजूर करून आणलं होतं. बाटल्या वाटायलाही त्याच गेल्या. कोणती कशाची, हे वाटणाऱ्याला ठाऊक नसावं असा नियम, आणि आता तो नियम पाळायला त्या लायक झाल्या होत्या.

पहिल्याच रांगेत एक दणकट कोळीण होती, पारूबाई. चाळीस वर्षं मासळी विकलेली. तिने बाटली घेतली, झाकण उघडलं आणि नाकाशी नेली. ते हुंगणं यशोदाबाईंना चांगलं ओळखता येत होतं.

पारूबाईने डोळे बारीक करून वर बघितलं. "ओ बाई, माल खरा हाय ना?"

एकतीस वर्षं हा प्रश्न यशोदाबाईंना विचारला गेला होता. शेठ लोकांनी विचारला, गिऱ्हाइकांनी विचारला, आणि उत्तर द्यायला त्यांना कधी एका श्वासापेक्षा जास्त लागलं नव्हतं. मागे अक्षदा वही घेऊन उभी होती. तिचं पेन थांबलं.

"निम्म्या बाटल्यांत औषध आहे, निम्म्यांत नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाटलीत काय आहे ते मला ठाऊक नाही, पारूबाई. हिलाही नाही. ते कळावं म्हणूनच आम्ही आलोय. चालेल तर ठेव, नाहीतर परत दे."

पारूबाईने पुन्हा एकदा हुंगलं, जरा विचार केला, आणि बाटली कनवटीला लावली.

"इतकी वर्सं धंदा केला," ती म्हणाली, "पन ठाऊक नाय म्हननारी तूच पयली भेटली. दे, कुठं सही करायची?"

यशोदाबाईंनी पेनसाठी मागे हात केला. अक्षदाने पेन दिलं, आणि तो हात लगेच सोडला नाही.